भरपाईभाऊ

वसईत वाडी विकली गेली की बिल्डरच्या आधी भरपाईभाऊ येतात. खांद्याला शबनम, तिच्यात मोजपट्टी, चुन्याची डबी आणि वृक्ष प्राधिकरणाच्या अर्जांची चळत. तोडायच्या झाडांचा हिशेब कागदावर जुळवून देणं हा त्यांचा धंदा.

२०२१ साली राज्याच्या वृक्ष कायद्यात दुरुस्ती झाली. तोडलेल्या झाडाचं जेवढं वय, तेवढी नवी झाडं लावायची. रोप सहा ते आठ फुटांचं हवं आणि सात वर्षं जगवायला हवं. पन्नाशी गाठलेलं झाड तर ‘हेरिटेज ट्री’, त्याची परवानगी म्हणजे डोक्याला ताप. तेव्हापासून भाऊंच्या वहीत एकाही झाडाने पन्नाशी गाठलेली नाही. आमच्या शेजारच्या वाडीतली चिंच गेल्या वर्षी ४९ ची होती, यंदाही ४९ चीच.

“अरे, मी लग्न होऊन आले तेव्हा हिच्या सावलीत वऱ्हाड जेवलं,” वाडीतल्या आजी म्हणाल्या. आजींनी पंचाहत्तरी ओलांडलीय.

“मग तुमचं लग्न उशिरा झालं असणार,” म्हणत भाऊंनी पट्टी अशी काही आवळली की बुंधाच बारीक झाला.

नवी रोपं अर्थातच दूर कुठेतरी लागतात. त्यांची उंची आधाराच्या बांबूसकट मोजली जाते.

पण माणूस लबाड नाही हो. इकडचं गेलं की तिकडे भरून निघतं, यावर त्यांची खरीखुरी श्रद्धा आहे. विरारला सख्ख्या भाच्याच्या लग्नाला गेले नाहीत, म्हणून नालासोपाऱ्यात दोन अनोळखी बारशांना जाऊन आले. बहिणीने बोलणं टाकलं, तर हेच चकित. “एकाला दोन दिले की!”

घोडं अडलं ते बावखलापाशी. वाडीला शिंपणं पुरवणारं, आजूबाजूच्या विहिरी गोड्या ठेवणारं ते तळं. अर्जात झाडांचे रकाने. मरळ, बेडूक, पाणकोंबडी कुठे भरणार? मी मुद्दाम विचारलं, तर भाऊ खुलले.

“सोय केलीय! तुंगारेश्वरच्या पायथ्याला नवं बावखल खणतोय. जागा एकदम फर्स्टक्लास. उतार आहे, त्यामुळे पाणी तेवढं थांबत नाही.”