बॉनेट उघडायला लावणारे काका

महाराष्ट्रातील शहरी गृहनिर्माण संस्थांमध्ये, विशेषतः जिथे इमारत खांबांवर उभी करून तिच्या पोटाखालची जागा वाहनांसाठी मोकळी सोडलेली असते तिथे, एक विशिष्ट प्रकारचे निवृत्त गृहस्थ हटकून आढळतात. पाटबंधारे खाते, बँक किंवा वीज मंडळ यांपैकी कोठेतरी त्यांची सेवा झालेली असते. वाहनदुरुस्तीशी त्या सेवेचा कसलाही संबंध नसतो. परंतु एके काळी त्यांच्याकडे प्रीमिअर पद्मिनी होती आणि तिच्या निमित्ताने त्यांनी स्वहस्ते प्लग साफ केले होते, पॉइंट घासले होते, थंडीत चोक ओढून इंजिन जागे केले होते. या तीन कृतींवर त्यांचा अधिकार उभा आहे, आणि पद्मिनीला ते अजूनही 'फियाट'च म्हणतात. सकाळी फिरून आल्यावर दूध व वर्तमानपत्र हाती घेऊन ते पार्किंगमधून जात असताना एखादी गाडी सुरू होऊनही जागची हलत नाही असे दिसले, की त्यांची पावले तिकडे वळतात आणि पहिले वाक्य ठरलेले असते: "आधी बॉनेट उघड."

या गृहस्थांची खरी कसोटी ऑटोमॅटिक गाडीपुढे लागते, कारण तिच्यात घासायला काहीच नसते. ज्या गाडीत क्लचचे पेडल नसते आणि गिअर आपोआप बदलतात तिला ऑटोमॅटिक म्हणतात हे काका जाणतात. मात्र त्यांचे ज्ञान पुतण्याच्या गाडीवरून आलेले असते. २०१४ च्या जानेवारीत मारुती ८०० चे उत्पादन थांबले आणि पुढच्याच महिन्यात त्याच कंपनीची सेलेरिओ एएमटीसह बाजारात आली; पुतण्याची गाडी याच जातीची. एएमटी म्हणजे मूळचा साधाच गिअरबॉक्स, फक्त क्लच दाबण्याचे व गिअर टाकण्याचे काम माणसाच्या हातापायांकडून काढून यंत्राकडे सोपवलेले. अशा गाड्यांच्या दांड्यापाशी बहुधा 'पी' हे अक्षर नसते. गाडी गिअरमध्ये ठेवून हँडब्रेक ओढायचा असतो. त्यामुळे टॉर्क कन्व्हर्टर किंवा सीव्हीटी या 'पी' असलेल्या दुसऱ्या जातींच्या ऑटोमॅटिक गाडीत बसलेला तिसऱ्या मजल्यावरचा तरुण, डॅशबोर्डवर 'पी' लखलखत असताना, "काका, पार्कमधून दांडा निघतच नाहीये" असे काकुळतीने सांगतो, तेव्हा काका शांतपणे उत्तरतात, "ऑटोमॅटिकला पार्क नसतो रे. तुला कोणी सांगितलं?"

'पी' म्हणजे नेमके काय, हे येथे सांगणे भाग आहे, कारण पार्किंगमध्ये ते कोणीच सांगत नाही. दांडा 'पी'मध्ये गेला की गिअरबॉक्सच्या आत चाकांशी जोडलेल्या एका दातेरी चक्रात लोखंडी खिट्टी अडकते आणि गाडी जागच्या जागी बांधली जाते. ही खिट्टी चुकून सुटू नये यासाठी दांड्याला एक विजेचे कुलूप असते, ज्याला मेकॅनिक मंडळी 'शिफ्ट लॉक' म्हणतात. ब्रेकच्या पेडलवर पाय पडल्याशिवाय ते उघडत नाही. १९८६ साली अमेरिकेत 'सिक्स्टी मिनिट्स' या दूरचित्रवाणी कार्यक्रमाने ऑडी ५००० ही गाडी आपोआप सुसाट सुटते, असा गवगवा केला आणि त्या धामधुमीत ऑडीने हे कुलूप बसवले. १९८९ मध्ये तेथील सरकारी वाहनसुरक्षा यंत्रणेने निष्कर्ष काढला, की चालकांचा पाय ब्रेकऐवजी ॲक्सिलरेटरवर पडत होता. पुढे लहान मुलांच्या सुरक्षेसाठी २००८ साली झालेल्या कायद्याने १ सप्टेंबर २०१० पासून बनणाऱ्या अमेरिकेतील ऑटोमॅटिक गाड्यांना हे कुलूप सक्तीचे झाले. काकांच्या परिभाषेत या सर्व इतिहासाला एकच शब्द आहे, 'सेन्सर'. गाडीतील जे जे फियाटमध्ये नव्हते ते सर्व त्यात सामावते.

आता या कुलपाला पाय पडल्याची वर्दी देते कोण? पेडलच्या वरच्या टोकाशी, हात घालायला अत्यंत गैरसोयीच्या जागी, अंगठ्याएवढा एक स्विच असतो. पेडल दाबले की तो मागचे ब्रेकचे दिवे लावतो आणि अनेक गाड्यांमध्ये तोच, किंवा त्याच फ्यूजवरून येणारी वीज, दांड्याचे कुलूपही उघडते. म्हणून स्विच बिघडला किंवा फ्यूज उडाला, की दिवेही लागत नाहीत आणि दांडाही निघत नाही. बटणावर सुरू होणाऱ्या गाडीत तर ब्रेक दाबल्याची खबरच न पोहोचल्याने पुष्कळदा इंजिनही सुरू होत नाही. थोडक्यात, कारण आढ्याला आणि दुखणे पाताळात अशी ही व्याधी आहे, आणि तिची पहिली तपासणी फुकट व अत्यंत सोपी आहे: एकाने आत बसून पेडल दाबायचे आणि दुसऱ्याने गाडीमागे उभे राहून दिवा लागला की नाही एवढेच सांगायचे.

पण गाडीमागे उभे राहणे हे काकांच्या प्रकृतीला मानवत नाही. तिथून जमलेली माणसे दिसत नाहीत, आणि 'लागला' किंवा 'नाही लागला' यापलीकडे बोलायला वाव नसतो. त्यापेक्षा बॉनेटखाली डोके घालून बॅटरीचे टर्मिनल हलवून पाहणे, तेलाची कांडी बाहेर काढून फडक्याला पुसणे आणि 'हं' म्हणून ती परत खोचणे यांत भारदस्तपणा असतो. यानंतर धक्क्याचा प्रस्ताव येतो. पेपर टाकणारा मुलगा, इस्त्रीवाला आणि ऑफिसला निघालेले दोन सभासद बॅगा खाली ठेवून गाडीला खांदा लावतात. खिट्टी आपले काम चोख करीत असल्याने गाडी तसूभर पुढे सरकते, मागे येते आणि थांबते. काका निदान जाहीर करतात, "ब्रेक जॅम आहेत." ऑटोमॅटिक गाडी मुळात धक्का देऊन सुरू करण्याजोगी नसते आणि ही तर सुरूच आहे, हे त्या वेळी कोणाच्याही ध्यानात येत नाही. धक्क्याच्या बाजूने एकच गोष्ट सांगता येते: गाडी उतारावर असेल आणि तिचा सगळा भार खिट्टीवर आला असेल, तर हलकासा रेटा देऊन दांडा सुटू शकतो. सपाट फरशीवर तोही लाभ नाही.

अखेर कोणीतरी दिव्यांचा विषय काढतो. काका मागे जातात, ओझरती नजर टाकतात आणि सांगतात, "लाल दिवा तर लागतोय." वास्तविक तो रात्रीचा दिवा असतो. हेडलाइटचे बटण चालू राहिलेले असते, आणि मागचा मंद लाल दिवा व ब्रेक दाबल्यावर त्याहून प्रखर पेटणारा दिवा हे एकाच काचेआड राहत असले तरी त्यांचे फ्यूज बहुधा वेगळे असतात. हा भेद त्या घोळक्यात फक्त वॉचमनला ठाऊक असतो, कारण येणाऱ्या प्रत्येक गाडीची पाठ पाहणे हेच त्याचे काम. "दोन दिस झालं साहेब, आत येताना ब्रेकची लाइट लागंना ह्या गाडीची," असे तो सांगतो. हे आधी का सांगितले नाही, असे त्याला विचारले जाते. त्याला कोणी विचारले नव्हते, हे उत्तर तो देत नाही.

फ्यूजच्या पेटीच्या झाकणावर 'स्टॉप' असे लिहिलेली जागा असते. तिथली लाल किंवा निळी चकती, म्हणजे अनुक्रमे १० किंवा १५ अँपिअरची, उपटून उजेडात धरली की आतली तार तुटलेली स्पष्ट दिसते. ती का तुटली याचे उत्तर अनेकदा डिकीच्या झाकणावर चिकटवलेले असते. ॲक्सेसरीच्या दुकानातून हौसेने बसवून घेतलेली, ब्रेक दाबला की डावीकडून उजवीकडे धावणारी लाल एलईडी पट्टी मूळच्या वायरीला मध्येच कापून जोडलेली असते आणि त्या जोडावरची टेप पावसाळ्यात सुटलेली असते. पेटी कधी चालकाच्या गुडघ्यापाशी असते तर कधी, आणि येथे नियती काकांच्या बाजूने उभी राहते, बॉनेटखाली असते. "म्हणून तर म्हटलं, बॉनेट उघड," हे वाक्य मग पुढील वार्षिक सर्वसाधारण सभेपर्यंत टिकते.

नवा फ्यूज घालूनही तो लगेच उडाला, तर गॅरेजपर्यंत जाण्याची सोय बहुतेक जुन्या पद्धतीच्या दांड्यांपाशीच केलेली असते. दांड्याच्या बाजूला नखाएवढे एक झाकण असते. हँडब्रेक पक्का ओढून, पाय ब्रेकवर ठेवून, ते उचकटायचे आणि खालच्या खाचेत किल्लीचे टोक दाबून दांडा न्यूट्रलमध्ये आणायचा. गाडीच्या पुस्तिकेत हे चित्रासह दिलेले असते. ती पुस्तिका ग्लव्ह बॉक्समध्ये, मूळच्या प्लास्टिकच्या वेष्टनात, शाबूत असते. अर्थात असे गॅरेजला जाताना मागच्याला ब्रेक दिसत नाही, तेव्हा हायवेचा मोह टाळलेला बरा.

याच स्विचचा उलट आजारही असतो आणि तो काकांच्या कीर्तीला अधिक पोषक ठरतो. पेडल वर आले की स्विचची टोपी दाबून धरणारी प्लास्टिकची एक छोटी गुंडी वर्षानुवर्षांच्या उन्हाने ठिसूळ होऊन फुटते. मग गाडीला वाटते ब्रेक सदैव दाबलेलाच आहे, दांडा पाय न लावताही निघू लागतो आणि मागचे दिवे रात्रभर जळत राहून सकाळी बॅटरी मरते. काका बॅटरी बदलायला लावतात, नवीही मरते, तेव्हा कंपनी बदलायला लावतात. चालकाच्या पायाशी पडलेले गुंडीचे तुकडे, म्हणजे या खटल्यातला एकमेव पुरावा, गाड्या पुसणारा पोरगा रोज सकाळी इमानेइतबारे झटकून टाकतो. रात्री दोन वाजता लाल उजेड पाहून वॉचमन इंटरकॉम वाजवतो, "साहेब, तुमच्या गाडीची लाइट चालू ऱ्हायलीय," म्हणतो. आणि चौथ्या मजल्यावरचा गाडीमालक, किल्ली खिशातच आहे आणि गाडी लॉक आहे याची खात्री करून, "असू दे, ते सेन्सरचं असतं," असे त्याला समजावून फोन ठेवतो.