झाकलेलं कोंबडं

"अंडे घेता का, मॅडम? गावरान आहे. फुकट देतो म्हटलं तरी कोणी हात लावून नाही राह्यलं."

कंपाउंडच्या भिंतीवर शेजारच्या काकूंनी अंड्यांची वाटी ठेवली की मी मागच्या दारातून आधी गॅस बंद करून येते. गप्पा किती लांबतील याचा भरवसा नसतो. आमच्या सिंदी मेघेत घरं प्लॉटवरची, नोकऱ्या वर्ध्यातल्या, पण मागच्या अंगणातलं खुराडं काही सुटलेलं नाही. काकूंच्या कोंबड्या दिवसभर माझ्या वाफ्यातला सांबार उकरतात आणि अंडी इमानदारीनं काकूंच्याच घरी जाऊन देतात.

झालं होतं असं, की काकूंच्या पुतण्याच्या मोबाइलवर व्हिडिओ आला: बर्ड फ्लू, कोंबडी खाल्ली की माणूस खलास. त्याच दिवशी जावई यायचे होते. सावजी रस्सा रद्द झाला, पाटोडीवर भागवलं. जावई न बोलता जेवले म्हणे, आणि जावई न बोलता जेवणं म्हणजे काय ते सासुरवाडीलाच कळतं.

"काहून घाबरला हो तुम्ही," मी म्हटलं. "हा विषाणू सत्तर अंशाच्या वर टिकत नाही. तुमचा सावजी रस्सा तासभर रटरटतो. त्यात विषाणू सोडा, पुण्याचा माणूससुद्धा टिकत नाही."

तेवढ्यात काका पेपर घेऊन आले. काका पेपर पहिल्या पानापासून टेंडर नोटिसांपर्यंत वाचतात.

"मंग गोरेवाड्याचे वाघ कसे मेले? वाघ का मोबाइल पाह्यते?"

प्रश्न चोख होता. डिसेंबर २०२४ मध्ये नागपूरच्या गोरेवाडा बचाव केंद्रात तीन वाघ आणि एक बिबट्या मेला. नमुने भोपाळच्या प्रयोगशाळेत गेले आणि उत्तर आलं, एच५एन१. संशय गेला तो खाण्यात दिलेल्या कोंबडीवर. वाघ रस्सा करत नाही, कच्चं खातो. फरक एवढाच आहे आणि तो मोठा आहे. मार्च २०२५ मध्ये आंध्रच्या पलनाडू जिल्ह्यात दोन वर्षांची पोर याच रोगानं गेली. तिनं कच्च्या चिकनचा तुकडा खाल्ला होता, असं घरचे सांगत होते.

काकूंनी लगेच पुतण्याला हाक मारली. तो जिमला जातो आणि सकाळी दुधात दोन कच्ची अंडी फोडून पितो. "आजपासून उकडून खाजो," म्हणून भिंतीवरूनच निकाल लागला. जिमवाल्याचं काही चाललं नाही.

आता इथपर्यंत सगळं स्वयंपाकघरातलं झालं. पण मला काकूंना दुसरंच विचारायचं होतं. गेल्या आठवड्यात त्यांची एक कोंबडी मेली. ती गेली कुठे?

"देल्ली फेकून नाल्यात. का तिचं तेरावं करू?"

हेच ते. शिजलेल्या अंड्याला आपण भितो आणि मेलेली कोंबडी उघड्या हातानं तंगडीला धरून नाल्यात भिरकावतो. माणसाला हा रोग झाला तो बहुतेक वेळा आजारी किंवा मेलेल्या पक्ष्याला हात लावून, पिसं उपटून, खुराड्यातली विष्ठा झाडताना धुळीतून. २००३ पासून जगभरात नऊशेवर माणसांना एच५एन१ झाल्याची नोंद आहे, त्यांतली निम्म्याच्या आसपास दगावली. सौम्य दुखणी मोजलीच जात नाहीत, त्यामुळे खरा आकडा इतका भयंकर नसावा. तरी थट्टेवारी न्यावा असाही नाही.

"हे सगळं चीन, अमेरिकेत," काका म्हणाले.

चीन कशाला, मेळघाट घ्या. फेब्रुवारी २०१९ मध्ये तिथल्या सतरा महिन्यांच्या एका कोरकू बाळाच्या नमुन्यात बर्ड फ्लूचाच एक सौम्य भाऊबंद, एच९एन२ सापडला. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेनं तो ओळखला. माणसात तो सापडण्याची भारतातली ती पहिली वेळ. बाळ बरं झालं. श्वासाच्या दुसऱ्याच एका आजाराची पाहणी चालू होती म्हणून हे कळलं. नाहीतर सर्दी-ताप म्हणून गेलं असतं. मेळघाट म्हणजे अमरावती, आणि अमरावती म्हणजे काकूंचं माहेर. काकू पहिल्यांदा गप्प झाल्या.

"पण थे माणसापासून माणसाले होते का?"

अजून सहज होत नाही. सगळी मेख त्या 'अजून'मध्ये आहे. फ्लूच्या विषाणूचा वारसा आठ तुकड्यांत असतो. एकाच शरीरात, समजा डुकरात, पक्ष्याचा फ्लू आणि माणसाचा फ्लू एकदम शिरले तर पत्त्यांचे दोन जोड एकत्र पिसल्यासारखे ते तुकडे मिसळतात आणि नवाच हात पडतो. बहुतेक हात फुकट जातात. एखादा जातच नाही. २०२४ पासून अमेरिकेत हा विषाणू दुभत्या गायींत शिरला आहे, म्हणजे पिसणं चालूच आहे. १९१८ ची मानमोडीची साथ ही फ्लूचीच होती, आणि आपल्या मध्य प्रांतात ती देशात सर्वांत जास्त माजलेल्या भागांपैकी एक. काकांनी आजोबांकडून ऐकलेलं सांगितलं, की सरणाला लाकडं पुरत नव्हती. यावर काकूंनी त्यांना "चाय थंडी होते" म्हणून आवरलं.

मग काकूंनी खरा मुद्दा काढला, आणि माझ्या मते अख्ख्या विषयातला हाच सर्वांत अवघड मुद्दा आहे.

"मॅडम, मी कळवलं तं सरकार येऊन माह्या बाकीच्या जित्या कोंबड्या मारन. शेजाऱ्याच्याबी मारन. मंग गल्लीत मले कोणी पाणी विचारन का?"

खोटं कसं म्हणू? रोग पक्का ठरला की एक किलोमीटरच्या आतले पक्षी मारतात, दहा किलोमीटरपर्यंत नजर ठेवतात. १८ फेब्रुवारी २००६ ला नंदुरबारच्या नवापुरात देशातला पहिला बर्ड फ्लू जाहीर झाला, तेव्हा लाखो कोंबड्या पुरल्या आणि त्या धंद्याचं कंबरडं मोडलं. पण तेव्हा एकाही माणसाला लागण सापडली नाही, हेही त्याच नवापुरातलं. जानेवारी २०२१ मध्ये परभणीच्या मुरुंब्यात दोनेक दिवसांत आठशे-नऊशे कोंबड्या पटापट मेल्या, नमुने गेले, गाव बंद झालं. २०२४ मध्ये नागपुरात तर सरकारच्याच अंडी उबवणी केंद्रात साडेआठ हजारांच्या आसपास कोंबड्या माराव्या लागल्या. सरकारनं आपलं खुराडंही सोडलं नाही, एवढं तरी मानावं लागतं.

आणि हिशेब असा आहे, काकू: सरकार मारतं त्या कोंबडीची भरपाई मिळते. आधीच मेलेलीची मिळत नाही. हा रोग खुराड्यात शिरला तर लपवूनही कोंबड्या वाचत नाहीत. तुरा निळा पडतो, डोकं सुजतं, अंडी थांबतात आणि दोन-तीन दिवसांत खुराडं रिकामं. म्हणजे कोंबड्याही गेल्या, पैसेही गेले, आणि अंगणात नातू रांगतोय. कोंबडं झाकून तांबडं फुटायचं राहत नाही.

भरपाईची रक्कम तुटपुंजी असते आणि ती हातात यायला वेळ लागतो, अशी काकांची तक्रार. ती मी खोडणार नाही. लोकांनी लपवू नये असं वाटत असेल तर पैसा लवकर आणि पुरेसा द्यायला हवा. नागपुरात माणसांच्या आणि जनावरांच्या रोगांकडे एकत्र पाहणाऱ्या 'वन हेल्थ' संस्थेची पायाभरणी डिसेंबर २०२२ मध्ये झाली, ऑगस्ट २०२४ मध्ये अजमेरला अशा साथीसाठी 'विषाणू युद्ध अभ्यास' नावाची रंगीत तालीमही झाली, हे उत्तमच. पण ती सगळी तयारी काकूंच्या एका फोनवर उभी आहे.

"अन् कावळे?" काका. जानेवारी २०२५ मध्ये लातूरच्या उदगीरमध्ये कावळे मरून पडले, ते याच रोगानं. पितृपक्षात घासाला कावळा कुठून आणायचा, ही त्यांची चिंता. ती मला सोडवता आली नाही.

वाटीतली अंडी मी घेतली, पैसे देऊन, आणि उकडून खाल्ली. तुमच्याकडेही एकदम दोन-चार कोंबड्या किंवा कावळे मेलेले दिसले तर हात लावू नका, पोरांना आणि कुत्र्याला लांब ठेवा आणि १९६२ वर पशुवैद्यकांना फोन करा. अशा पक्ष्यांजवळ वावरल्यावर आठ-दहा दिवसांत ताप-खोकला आला तर सेवाग्रामला जा नाहीतर सावंगीला, पण डॉक्टरांना कोंबडीचं आधी सांगा. विचारल्याशिवाय ते आपण कोणी सांगत नाही.