पाणी मुरते कुठे?

छप्पर गळू लागले म्हणजे ते निदान आपल्या डोक्यावर गळते. गळतीचे स्थळ, काळ आणि परिमाण यांविषयी घरात मतभेदाला जागा उरत नाही, आणि त्या ठिकाणी एक जुने पातेले मांडले की गृहस्थाचे पावसाळ्यापुरते कर्तव्य संपते. परंतु जमिनीच्या पोटातून गेलेला नळ जेव्हा फुटतो, तेव्हा तो कोणाची झोपमोड करीत नाही, भिंतीवर डाग उमटवीत नाही की उंबऱ्याशी डबके साचवीत नाही; तो प्रथम उमटतो तो पाणीपट्टीच्या कागदावर, आणि तोही तिमाही उलटून गेल्यावर.

आमच्याकडे आलेल्या त्या कागदावरील आकडा पाहून मला प्रथम वाटले की, शेजारच्या मंगल कार्यालयाचे देयक चुकून आमच्या पत्त्यावर आले असावे. हा समज घेऊन मी पाणीपुरवठ्याच्या कचेरीत दाखल झालो. तेथील कारकुनाने दप्तर उघडले, आकडा ताडून पाहिला आणि चष्म्यावरून माझ्याकडे पाहत शांतपणे सांगितले, "मीटर खोटं बोलत नाही. पाणी आलं की घरातले सगळे नळ बंद करा आणि मीटरपाशी जाऊन बसा. चांदणी फिरली, तर पाणी कुठंतरी मुरतंय."

आमच्या गावात पाणी पहाटे चार ते आठ येते. टाकीच्या तोंडचा कॉक बंद केला, मोरीतला, न्हाणीतला, अंगणातला असे झाडून सारे नळ आवळले आणि विजेरी घेऊन मी मीटरच्या पेटीपुढे उकिडवा बसलो. काचेखाली आकड्यांच्या शेजारी एक लहानशी तांबडी चांदणी असते, हे त्या दिवसापर्यंत माझ्या गावीही नव्हते. ती चांदणी फिरत होती. घरात एक थेंब पडत नसताना ती ज्या प्रसन्न गतीने फिरत होती, तिचा हिशेब घड्याळ लावून केला तेव्हा मिनिटाला तीन लिटर, म्हणजे चार तासांत ७२० लिटर, म्हणजे वीस लिटरच्या छत्तीस बादल्या मी नित्यनेमाने भूमातेला अर्पण करीत होतो असे निष्पन्न झाले. इतका दानधर्म आमच्या घराण्यात यापूर्वी कोणी केल्याचे ऐकिवात नाही.

आता प्रश्न हद्दीचा. मीटरच्या अलीकडे, म्हणजे रस्त्याच्या बाजूस, नळ फुटला तर तो सरकारी. मीटरच्या पलीकडे फुटला तर तो खाजगी, असा दंडक आहे, आणि ज्या अर्थी चांदणी फिरत होती त्या अर्थी फुटलेला नळ निःसंशय माझ्याच सार्वभौमत्वाखाली होता. पण तो नेमका कोठून गेला आहे, हे सांगणारा मनुष्य हयात नव्हता. घर वडिलांनी बांधले, नळ त्या वेळच्या मक्तेदाराने पुरला, आणि त्याचा नकाशा त्याने बहुधा नळाबरोबरच पुरला असावा. अठराव्या शतकाच्या मध्यास नानासाहेब पेशव्यांनी कात्रजच्या तलावाचे पाणी जमिनीखालच्या नळांतून पुण्यात आणले, तेव्हा वाटेत ठिकठिकाणी उच्छ्वास बांधले. कोंडलेल्या हवेला वाट मिळाली आणि आतले पाणी कसे चालले आहे हे पाहण्याचीही सोय झाली. आमच्या मक्तेदाराला कोसाकोसाची नव्हे, फाटकापासून मोरीपर्यंतची जबाबदारी होती. परंतु श्वास घेण्याची मुभा ना त्याने नळाला ठेवली, ना पुढे माझ्या खिशाला.

जे दिसत नाही त्याविषयी मत देण्यास अधिकार लागत नाही. वार्ता आळीत पसरताच आमच्या अंगणात विद्वत्सभा भरू लागली. पहिला मान शास्त्रीबुवांचा. वराहमिहिराने बृहत्संहितेत दकार्गल नावाचा अख्खा अध्याय भूगर्भातील उदकाच्या शोधाला वाहिलेला आहे. मनुष्याच्या देहात जशा शिरा, तशाच पृथ्वीच्या पोटात पाण्याच्या शिरा, असे सांगून जांभूळ, उंबर, वारूळ अशा खुणांवरून त्या किती पुरुष खोल सापडतील याचे गणित त्याने मांडले आहे. आणि येथे पुरुष म्हणजे हात वर करून उभा राहिलेला मनुष्य. आमच्या आवारात जांभूळ नाही की उंबर नाही. मोरीपाशी मुंग्यांनी उपसलेला मातीचा एक ढीग होता, त्यालाच वारुळाचा दर्जा देऊन शास्त्रीबुवांनी दोन पुरुषांवर गोड पाण्याची शिरा असल्याचा निर्वाळा दिला. नळ जेमतेम दीड हातावर होता, ही बाब त्यांनी गौण मानली.

पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले तात्या मैलोगणती कालवे हिंडलेले असल्यामुळे अर्ध्या इंची नळाकडे पाहताना त्यांच्या मुद्रेवर किंचित करुणा दिसे. "अण्णा, झिरपा हा गृहीतच धरायचा असतो," ते म्हणाले. "सोडलेलं सगळं पाणी शेताला पोचलं, असा कालवा मी उभ्या नोकरीत पाहिला नाही." हा विचार तत्त्वज्ञान म्हणून उदात्त होता, परंतु पाणीपट्टी भरणाऱ्याला त्याचा आधार वाटेना. एका हितचिंतकाने पाणाड्याही आणला. त्याच्या तळहातावरचा नारळ आमच्या अंगणात पाऊल टाकताच जो उभा राहिला तो शेवटपर्यंत आडवा झाला नाही, आणि जेथे नारळ सर्वत्रच उभा राहतो तेथे खणायचे कोठे, या प्रश्नावर सभा बरखास्त होऊन त्या नारळाची चटणी झाली.

त्या मानाने विज्ञानाच्या मास्तरांची पद्धत सोज्ज्वळ होती. परसातल्या ओल्या मातीतून निथळलेले पाणी त्यांनी परीक्षानळीत घेतले, त्यात ऑर्थोटोलिडीनचे थेंब टाकले, आणि पाण्यात क्लोरीन असल्यास पिवळा रंग येईल, म्हणजे हे नळाचेच पाणी ठरेल, असे सांगून नळी उजेडात धरली. रंग आला नाही. तथापि मातीतून येताना क्लोरीन नाहीसा होऊ शकतो, सबब हे नळाचे पाणी नाही असेही म्हणता येत नाही, असा खुलासा त्यांनी लगोलग केला. जाता जाता एक गोष्ट मात्र ते कामाची सांगून गेले: पाणी जाते त्या वेळी फुटका नळ बाहेरचा गाळ आत ओढून घेतो, तेव्हा पिण्याचे पाणी उकळून घ्या. चुलीवर मोठे पातेले चढले ते तेव्हापासून.

ही परसातली ओल म्हणजे आमच्या सौभाग्यवतींचा अळूचा वाफा. भर वैशाखात, आळीतले बाकी सारे अळू माना टाकून बसले असता, आमच्याकडे हत्तीच्या कानाएवढी पाने डोलत होती. त्यांच्या वड्या झाल्या, शेंगदाणे आणि हरभऱ्याची डाळ घालून फतफते झाले, गौरी-गणपती नसतानाही घरोघरी पानांच्या जुड्या वाटल्या गेल्या, आणि सारे श्रेय सौभाग्यवतींच्या हातगुणाला मिळाले. गळती येथेच असली पाहिजे, असे एकमत होऊन वाफा खणण्यात आला. कंबरभर खड्ड्यात चिखल मुबलक निघाला, पण नळाचा पत्ता नव्हता. खड्ड्याच्या काठावर उभ्या राहून सौभाग्यवतींनी जे मौन धारण केले, त्याचा अर्थ सांगण्यास शास्त्रीबुवांची गरज पडली नाही.

अखेर मिस्त्री आले. त्यांच्या खांद्यावर पहार होती आणि हातात एक लांब, गुळगुळीत लोखंडी सळई. भल्या पहाटे, पाणी नुकतेच सुटलेले असताना, त्यांनी सळईचे एक टोक मीटरजवळच्या जमिनीत रोवले, दुसरे कानाशी धरले, आणि मैफल सुरू होण्यापूर्वी तबला लावणाऱ्याच्या तन्मयतेने डोळे मिटून घेतले. तात्या झिरप्याविषयी काही सांगू लागताच त्यांनी डोळे न उघडताच हात वर केला. "जरा गप ऱ्हावा की समद्यांनी. नळ काय म्हंतोय ते ऐकू द्या."

हातभर पुढे सरकून पुन्हा सळई, पुन्हा कान. फाटकाच्या आतल्या अंगाला, फरशीच्या कडेपाशी ते थबकले आणि सळई त्यांनी माझ्या हाती दिली. मी कान लावला. खालून बारीक, अखंड अशी फुसफुस येत होती. बोलणारा अगदी जवळ आहे आणि आपल्याविषयीच बोलतो आहे, असा भास व्हावा इतकी स्पष्ट. मिस्त्रींनी फरशी उचकटली, टिकाव घातला, आणि दीड हातावर मातीच्या गढूळ काल्यातून पाण्याची एक काडीएवढी धार वर उसळली. अळूचा वाफा तेथून पार घराच्या दुसऱ्या टोकाला. नळासाठी खणलेला चर भरताना माती ठोकून बसवलेली नव्हती, तिला उतार परसाकडे होता, आणि पाण्याने नळाच्या अंगाअंगाने ती पोकळ वाट धरून घराला वळसा घातला होता.

छिद्र होते ते नेमके जोडाच्या आट्यांवर. लोखंडी नळावर जस्ताचे कवच असते खरे, पण आटे पाडताना ते कवच कापले जाते, आणि जमिनीतली ओल व क्षार यांना उघडे लोखंड तेथेच प्रथम सापडते. कुजलेला तुकडा करवतीने कापून काढल्यावर मला वाटले, आता नवा तुकडा फिरवून बसवला की झाले. मिस्त्री हसले. दोन्हीकडचा नळ जमिनीत पक्का असताना मधला तुकडा एका टोकाला आवळू गेले की दुसऱ्या टोकाला तो सुटतो; म्हणून तेथे युनियन लागते. तिचे दोन अर्ध दोन्ही नळांवर स्वतंत्र चढतात आणि मधली चाकी त्यांना एकत्र ओढते. तेल सोडत सोडत त्यांनी नव्या तुकड्यावर आटे पाडले, त्यांवर सूत गुंडाळले, बोटाने सफेदा माखला, दोन पाने उलटसुलट लावून चाकी आवळली. मग पाणी सोडले. पण खड्डा बुजवू देईनात. जोडावर एक कोरा कागद फिरवून तो कोरडाच राहिल्याची खात्री पटल्यावर त्यांनी डांबर लावून वर गोणपाट गुंडाळले. मीटरमधली चांदणी निश्चल झाली. वाफ्यात पुन्हा लावलेले अळू मात्र त्या सुमारास पिवळे पडू लागले, आणि त्याचा ठपका घरात कोणावर आला हे सांगण्याची आवश्यकता नाही.

पुढल्या तिमाहीचे देयक इतके माफक आले की मी ते दोनदा वाचले. त्याला जोडून एक नोटीसही होती. 'आपला पाणीवापर मागील तिमाहीच्या मानाने अकस्मात घटल्याचे दिसून येते. सबब मीटर नादुरुस्त असल्याचा अथवा त्यात फेरफार झाल्याचा संशय असून, सात दिवसांच्या आत पुराव्यानिशी लेखी खुलासा करावा.' मी सविस्तर खुलासा लिहिला आणि पुराव्यादाखल तो कुजका तुकडा वर्तमानपत्रात गुंडाळून कचेरीत हजर केला. त्याच कारकुनाने तो खिडकीच्या उजेडाकडे धरला, छिद्रातून बाहेरचा रस्ता पाहिला, 'छिद्र आढळले' असा शेरा मारला आणि आवक क्रमांकाची चिठ्ठी दोऱ्याने त्याच्या आट्यांना बांधली.

निकाल काय लागला हे विचारण्यास मी पुन्हा गेलो, तेव्हा पंख्याच्या वाऱ्याने फडफडणाऱ्या देयकांच्या गठ्ठ्यावर तो तुकडा ठेवलेला होता. जुन्या ओळखीने मी त्याला हात लावू गेलो.

"अहो, उचलू नका," कारकून म्हणाला. "प्रकरण चालू आहे."