मानेचा तपासनीस

राजेश खन्ना नट नव्हता, असे सांगणारा गृहस्थ गिरगाव, दादर, डोंबिवली आणि पुण्याच्या पेठा या पट्ट्यात बारमाही आढळतो. लग्नाच्या पंगतीत मठ्ठा फिरत असताना, लोकलच्या चौथ्या सीटवर अर्धे टेकून किंवा सकाळच्या फेरीनंतर सोसायटीच्या कट्ट्यावर तो हमखास भेटतो. सोयीसाठी त्याला येथे तपासनीस म्हटले आहे, कारण प्रत्येक लोकप्रिय माणूस बिनतिकीट प्रवास करीत असावा अशा नजरेने तो पाहतो. वय सत्तरीपुढचे. दिलीपकुमार त्याला मान्य, बलराज साहनी मान्य, संजीवकुमारचे तर विचारूच नये. ‘सुपरस्टार’ हा शब्द मात्र कानावर पडला की तो हातातला कप खाली ठेवतो.

“अभिनय कुठे होता हो? मान होती, मान!”

यापुढे प्रात्यक्षिक. मान अंमळ कलते, पापण्या सावकाश मिटून उघडतात, ओठांच्या कोपऱ्यात हसू उमटते आणि एक हात हवेत अर्धवट वर जाऊन तिथेच राहतो. हे सगळे इतके हुबेहूब होते की पंगतीतल्या साठी उलटलेल्या दोघी-तिघी जेवायच्या थांबतात. तपासनिसाच्या मते यात काही विशेष नाही, कोणीही करील. एका मुंजीत त्याच्या थोरल्या मेहुण्याने करून पाहिले, तेव्हा यजमानांनी आतून बाम आणून दिला.

युनायटेड प्रोड्यूसर्स आणि ‘फिल्मफेअर’ यांची १९६५ची स्पर्धा, १९६६चा ‘आखरी खत’, १९६९चा ‘आराधना’ आणि त्यानंतर दोन-तीन वर्षे एकामागून एक चाललेले चित्रपट, ही यशाची नोंद तपासनिसाला तोंडपाठ असते. त्याचा आक्षेप आहे तो मालकीवर. वडिलोपार्जित घराचे वाटणीपत्र करावे तसे तो या यशाचे हिस्से पाडतो. ‘आराधना’ सचिनदेव बर्मन आणि किशोरकुमार यांच्या नावे. ‘दो रास्ते’ चंद्रकांत काकोडकरांच्या ‘नीलांबरी’ कादंबरीच्या नावे, म्हणजे पर्यायाने मराठी साहित्याच्या. ‘अमर प्रेम’ची मूळ कथा बिभूतिभूषण बंदोपाध्यायांची, तेव्हा तो थेट बंगालकडे. ‘आनंद’ हृषीकेश मुखर्जींचा, आणि त्यातून जे काही उरेल ते रमेश देव, सीमा देव, ललिता पवार आणि दुर्गा खोटे यांच्यात समान. सगळ्यांचे पोचते झाल्यावर खन्नाच्या पदरात काय पडते? मान.

विरोधी पुरावा तो ऐकून घेतो, मानत नाही. ‘इत्तेफाक’मध्ये एकही गाणे नाही, म्हणजे किशोरकुमारचा आधार नाही, गुरू कुडता नाही, गुलाबी प्रेमप्रसंग नाही, वेड्यांच्या इस्पितळातून पळालेला एक भेदरलेला चित्रकार आणि एक रात्र, एवढ्यावर सिनेमा उभा आहे. यावर तपासनिसाचे उत्तर तयार असते: “यश चोप्रांनी त्याची मान धरून ठेवली होती.” ‘आविष्कार’साठी मिळालेले फिल्मफेअर पारितोषिक पुढे केले तर तो परीक्षकांच्या मानांबद्दल शंका काढतो.

त्याचे म्हणणे सर्वस्वी चुकीचे नाही, ही यातली खरी अडचण आहे. खन्नाच्या अभिनयाचा पल्ला मोठा नव्हता. १९७३ साली ‘जंजीर’ आला, प्रेक्षकाला चिडलेला नायक हवासा झाला, आणि ज्या लकबींवर लोक भाळले होते त्याच खन्ना जिथे त्यांचे काम नव्हते तिथेही वापरत राहिला. पुढच्या कित्येक चित्रपटांत तो स्वतःचीच नक्कल करताना दिसतो, आणि ती नक्कल तपासनिसाइतकी चांगली नाही. पण तपासनिसाचे माप नाटकाचे आहे. डिसेंबर १९७०मध्ये ‘नटसम्राट’ रंगभूमीवर आले आणि डॉ. श्रीराम लागूंचा अप्पा बेलवलकर पाहून तो जो भारावला, तो अजून उतरलेला नाही. शेवटच्या रांगेपर्यंत पोचायला नाट्यगृहात अख्खे शरीर लागते. कॅमेऱ्याने चेहरा जवळून टिपला की बोटभर कललेली मानही पडदाभर होते. खन्नाला ही गोष्ट उपजत कळली होती. ‘आनंद’मध्ये मरण दाराशी आलेला माणूस सिनेमाभर विनोद करतो आणि मध्येच क्षणभर डोळ्यांतून हसू ओसरते, एवढेच घडते. तो क्षण कोणत्याच वाटणीपत्रात बसत नाही. तपासनीस तिथे चष्मा पुसायला घेतो. चष्मा स्वच्छच असतो.

या विकाराचे मूळ १९७०च्या सुमारास सापडते. त्या वर्षी तपासनीस कॉलेजात होता आणि वर्गातल्या मुलींच्या वहीत जो फोटो होता तो त्याचा नव्हता. त्यात खन्ना वाढला ठाकुरद्वारला, शिकला गिरगावातल्या सेंट सेबास्टियन शाळेत. म्हणजे परक्याने नव्हे, पलीकडच्या गल्लीतल्या पोराने बाजी मारली. तपासनिसाने तेव्हा एक गुरू कुडता शिवून घेतला होता, हे त्याच्या पत्नीकडून कळते. लग्न ठरवण्यासाठी पाठवलेला फोटोही तिने जपून ठेवला आहे. त्यात मान सरळ नाही.

“ती बघूनच मी हो म्हटलं,” असे ती सांगते, आणि तपासनीस पाणी प्यायला आत जातो.

दुसऱ्या कोणी खन्नाला नावे ठेवलेली त्याला खपत नाहीत. पुतण्याने एकदा “काका, हा तुमचा खन्ना जरा ओव्हररेटेडच, नाही?” असे अगदी त्याच्या बाजूने म्हणून पाहिले. “तू जन्मला होतास का तेव्हा?” इथून सुरुवात झाली आणि काकांनी वाटून टाकलेले सगळे चित्रपट अर्ध्या तासात व्याजासह खन्नाला परत केले. ‘आनंद’मधला रमेश देवांचा हिस्सा तेवढा राखून ठेवला.

२०१२ साली टीव्हीवर पंख्यांची एक जाहिरात लागत असे. खन्ना तीत फार खंगलेला दिसायचा. सुनेने चॅनेल बदलले तर तपासनीस “राहू दे गं” म्हणे. १८ जुलैला खन्ना गेला. दुसऱ्या दिवशी भर पावसात वांद्र्याहून विलेपार्ल्याकडे फुलांनी मढवलेला ट्रक निघाला आणि रस्त्याच्या दोन्ही कडांना माणसे उभी राहिली. तपासनीसही त्या बाजूला गेला होता; बँकेत काम होते, असे त्याने घरी सांगितले. त्याची बँक गिरगावात आहे.

संध्याकाळी कट्ट्यावर कोणीतरी म्हणाले, “मोठा नट गेला हो.”

“नट नव्हता,” तपासनीस म्हणाला. शेजाऱ्यांनी सवयीने त्याच्याकडे पाहिले. छत्री न मिटता तो तसाच बसून होता. त्या संध्याकाळी प्रात्यक्षिक झाले नाही.