भिंत मोकळी आहे का?

शीर्षासन शिकताना भिंतीचा आधार घ्यावा, असं सगळे योगशिक्षक सांगतात. औरंगपुऱ्यातल्या घरात मोकळी भिंत कुठून आणायची, हे मात्र एकही सांगत नाही.

आमच्या बैठकीत एका भिंतीवर टीव्ही. दुसरीला शोकेस, त्यात मुलाच्या वक्तृत्वाच्या ढाली आणि काचेच्या पेटीतला बीबी का मकबरा. तिसरीवर दिवंगत वाडवडील ओळीने. सकाळी सकाळी आजोबांच्या कपाळाला नातवाची टाच लागावी, हे कोणत्याच शास्त्राला मान्य नसावं. झोपायच्या खोलीत लोखंडी कपाट, कपाटावर बॅगा, बॅगांवर पाहुण्यांच्या गाद्या. त्यातली एखादी डोक्याखाली घ्यावी म्हटलं, तर तीही चालत नाही. मऊ गादीवर मान डुगडुगते. घडी घातलेली सतरंजी किंवा घोंगडीच हवी.

पंडित नेहरू तुरुंगातही शीर्षासन करत, आणि त्या अवस्थेतला गमतीदारपणा आपल्याला भावतो, असं त्यांनी आत्मचरित्रात लिहिलंय. भावणारच. तुरुंगाच्या भिंती मोकळ्या असतात.

शेवटी बोळातली एक भिंत सापडली. पलीकडे शेजारच्या आजींचं स्वयंपाकघर.

भिंत सापडल्यावर डॉक्टर. रक्तदाब, मानेचे मणके आणि डोळे, तिन्ही तपासून घ्या, म्हणाले. उलटं झाल्यावर डोळ्यांतला दाब जवळजवळ दुप्पट होतो, म्हणून काचबिंदूवाल्यांनी या वाटेला जायचंच नाही. माझं सगळं ठीक निघालं. घरात यावर कोणाला विशेष आनंद झाल्याचं दिसलं नाही.

मग कृती. बोटं गुंफायची, कोपरं खांद्यांइतक्याच अंतरावर, माथा जमिनीला, चवड्यांवर चालत पाय जवळ आणायचे आणि गुडघे दुमडून सावकाश वर. उडी मारायची नाही. आता भार कुठे द्यायचा, यावर थोरामोठ्यांत मतभेद आहेत. पुण्याच्या अय्यंगार गुरुजींनी १९६६च्या ‘लाइट ऑन योगा’त सगळा भार डोक्यावर घ्यायला सांगितलाय, आजचे बरेच शिक्षक म्हणतात, मान वाचवा, भार हातांवर घ्या. मी दोन्ही पक्षांचा मान राखून तो भिंतीवर देतो.

त्यामुळे टाचा भिंतीला लागताना ‘धप्प’ असा आवाज होतो. पहिल्या दिवशी पलीकडून उलट ‘धप्प’ आला. आजींना वाटलं, आम्ही खिळा ठोकतोय. दुसऱ्या दिवशी त्यांनी आमच्या बायकोला मंडईत मेथी निवडताना बाजूला घेतलं आणि आवाज खाली आणून विचारलं, “घरात सगळं ठीक हाय ना?” खरं कारण कळल्यावर त्यांची काळजी आणखीच वाढली.

‘हठयोगप्रदीपिका’ या बाबतीत फार समंजस ग्रंथ आहे. उलटं होण्याच्या अभ्यासात पहिल्या दिवशी फक्त क्षणभर थांबा, म्हणतो, मग रोज थोडं थोडं वाढवा. सहा महिन्यांनी सुरकुत्या आणि पिकले केस दिसेनासे होतील, असंही आश्वासन आहे. शिवाय जठराग्नी असा भडकतो, की साधकाने भरपूर खाल्लं पाहिजे. कमी खाल्लं तर तो अग्नी साधकालाच जाळतो. हा भाग मी बायकोला मोठ्याने वाचून दाखवला आणि त्याच संध्याकाळी गुलमंडीवरून इमरती आणली. केसांच्या भागाबद्दल तिने काही विचारलं नाही, नुसतं बघितलं.

ग्रंथकाराला एक धोका मात्र ठाऊक नव्हता. आमच्याकडे नळाला पाणी रोज येत नाही. ते कधी येईल हे जाणणारा योगी अजून जन्मायचा आहे. शीर्षासनातून उतरताना घाई करू नये, एकेक पाय खाली घ्यावा आणि कपाळ जमिनीला टेकवून थोडं थांबावं, नाहीतर भोवळ येते. हे सगळं मला पाठ आहे. पण “नळ आले!” अशी आरोळी उठली, की घरातल्या प्रत्येक प्राण्याने हंड्याकडे धावायचं, असा आमचा संस्कार. मान वळवून “कोणते भरू?” एवढं विचारायलाही बंदी, कारण वर असताना मान हलवायची नसते. म्हणून आता आमच्यात करार झालाय: मी उलटा असेन तोवर नळाची बातमी मला कुणी द्यायची नाही. करार झाल्यापासून माझा वर राहण्याचा वेळ बराच वाढलाय, असं बायकोचं निरीक्षण आहे.

आजीही हिशेब ठेवतात. चढतानाचा धप्प आणि उतरतानाचा धप्प यांच्यामध्ये त्यांचा चहा उकळतो. एकदा भेटल्या तर म्हणाल्या, “काय भाऊ, आज लवकर उतरले? चहा कच्चा राहिला ना माझा.”

मी म्हटलं, “आजी, तुम्हीच शिका की. अय्यंगार गुरुजींनी बेल्जियमच्या राणीला शिकवलं होतं. ऐंशीच्या घरातली बाई डोक्यावर उभी राहिली.”

आजींनी क्षणभर विचार केला. “राहील ना. तिच्याकडे पाणी कोण भरत होतं?”