खुर्चीतला वैमानिक

नामपूरच्या बाजारात कांद्याचा भाव मिनिटात ठरतो. आमच्या पुतण्याला संगणकावरच्या खेळात उडवायचं विमान निवडायला आठवडा लागला. सेस्ना १७२ की पायपर चेरोकी? सेस्नाचे पंख वर, म्हणजे खाली मोसम नदी नि डाळिंबाच्या बागा दिसणार. पायपरचे पंख खाली. मग दिसणार काय, पत्रा! १९५५ साली पहिल्यांदा उडालेलं सेस्ना या खेळासोबतच मिळतं. पण आयत्या मिळालेल्याला किंमत कुठली? म्हणून त्याच सेस्नाची, रंग उडालेली, दार कुरकुरणारी आवृत्ती वेगळे पैसे मोजून घेतली. जुनेपणाला भाव जास्त म्हणे. आमची तीस वर्षांची एम-एटी दुचाकी मात्र भंगारवाला किलोवर मागतो. अखेर ओझरच्या धावपट्टीवर उतरताना वीज गेली. विमान अजून हवेतच आहे.