घरात रेड टाकणारा गृहस्थ

रेडवाला म्हणजे घरच्या साध्या डेस्कटॉपमध्ये सर्व्हरचे रेड कार्ड बसवणारा माणूस. तो बहुधा चाळिशी ओलांडलेला आणि नोकरीत रुळलेला असतो. स्वतःचे बनियन कुठल्या खणात आहेत हे तो बायकोला विचारतो, पण कोणती हार्डडिस्क कोणत्या महिन्यात घेतली आणि तिची वॉरंटी कधी संपते हे त्याला झोपेतून उठवले तरी सांगता येते. पुणे, ठाणे, डोंबिवली, नाशिक या पट्ट्यातल्या दोन खोल्या-हॉल-किचनच्या फ्लॅटमध्ये ही जात आढळते. कार्ड बसले की तो उत्साहाच्या भरात जिन्यातच "आमच्याकडे रेड टाकली" असे सांगून बसतो. मग आयकरवाल्यांनी काय काय नेले असेल याचा अंदाज बांधत सोसायटी पंधरा दिवस त्याच्याकडे आदराने बघते. हा आदर त्याला पगाराने कधीच मिळवून दिलेला नसतो.

जन्मतः कोणीच रेडवाला नसतो. त्याच्या पूर्वायुष्यात एक हार्डडिस्क मेलेली असते. आधी ती लाकडात भुंगा शिरल्यासारखी कुरकुरते, मग टक्‌टक् करते, आणि एका सकाळी संगणक तिला ओळखच दाखवत नाही. तिच्यावर मुलाच्या पहिल्या वाढदिवसाचे फोटो असतात. त्यातले निम्मे केकचे आणि उरलेले पाठमोऱ्या आत्याचे असतात, पण गेल्यावर त्यांना कलेचा दर्जा येतो. डेटा काढून देणाऱ्या दुकानात आकडा ऐकून गृहस्थ रिक्षा न करता पायी घरी येतो, आणि याच पायपिटीत त्याचे मतपरिवर्तन होते. इतर माणसे अशा प्रसंगानंतर एक जादा डिस्क आणतात, फोटो तिच्यावर उतरवतात आणि ती कपाटात ठेवून देतात. रेडवाल्याला हा उपाय पोरकट वाटतो. त्यात कार्ड नसते.

शास्त्र असे आहे. १९८८ साली बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या डेव्हिड पॅटरसन, गार्थ गिब्सन आणि रँडी कॅट्झ या तिघांनी एक शोधनिबंध लिहिला. मोठ्या संगणकाच्या एका महागड्या डिस्कऐवजी पीसीच्या स्वस्त डिस्कचा जथा वापरावा, आणि त्यातली एखादी मेली तरी काम अडू नये म्हणून काही जागा जादा हिशेबासाठी राखावी, असे त्यात मांडले होते. 'रेड' (RAID) या नावातल्या 'आय' अक्षराचा मूळ अर्थ 'स्वस्त' असा होता. पुढे धंद्यातल्या लोकांनी त्याचा 'स्वतंत्र' केला, कारण स्वस्त म्हणून विकलेल्या वस्तूला भाव कमी येतो. घरात खर्चाचा विषय निघाला की रेडवाला १९८८ सालचा अर्थ सांगतो.

रेडचे क्रमांक त्याला तोंडपाठ असतात. शून्य क्रमांकात माहिती डिस्कांवर आलटूनपालटून लिहिली जाते. वेग वाढतो, पण एक डिस्क गेली की सगळेच जाते. एक क्रमांक म्हणजे आरसा. सहा आणि दहा हे श्रीमंतांचे. रेडवाल्याचा जीव पाचवर असतो. चार डिस्क घेतल्या तर तीन डिस्कांइतकी माहिती आणि एका डिस्कइतक्या सम-विषमाच्या नोंदी, आणि त्या नोंदी पाळीपाळीने चारही डिस्कांवर. यातली कोणतीही एक गेली तरी बाकीच्या तिघींवरून तिच्यातला मजकूर काढता येतो. भिशीच्या वहीत एकूण जमा आणि इतरांचे आकडे दिसले की गप्प बसलेलीचा आकडा कळतो, त्यातलाच हा प्रकार. चार टेराबाइटच्या चार डिस्कांतून बारा टेराबाइट जागा मिळते. विंडोज तिचे १०.९ दाखवते, कारण विंडोजचा हजार १०२४चा असतो; पण या उरलेल्या १.१ टेराबाइटचा हिशेब घरच्यांना द्यावा लागतो.

हे सगळे विंडोज किंवा लिनक्स फुकटात करू शकते. बऱ्याच मदरबोर्डांतही तशी सोय असते. तिला रेडवाला 'फेक रेड' म्हणतो, आणि तसे म्हणताना त्याचा चेहरा पुरणपोळीवर वनस्पती तूप वाढल्यासारखा होतो. साजूक ते कार्ड. त्याच्यावर स्वतःचा प्रोसेसर असतो, स्वतःची मेमरी असते आणि वीज गेली तर त्या मेमरीतला मजकूर धरून ठेवायला स्वतःची बॅटरी असते. एवढा सरंजाम ज्यासाठी बनवला, ते काम शेकडो लोकांचे व्यवहार सांभाळण्याचे असते. इथे त्याला सत्यनारायणाचे फोटो आणि जुन्या नाटकांच्या फायली मिळतात.

नवे कार्ड परवडत नाही. म्हणून रेडवाला एका शनिवारी ग्रँट रोड स्टेशनला उतरून लॅमिंग्टन रोडवर जातो. या रस्त्याचे कागदोपत्री नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, पण त्या नावाने विचारले तर कार्ड मिळत नाही. पोटमाळ्यावरच्या एका दुकानात जुन्या सर्व्हरांतून उपसलेला माल असतो. त्याला 'सर्व्हर पुल' म्हणतात. "सर, बँकेच्या मशीनमधून निघालंय, एकदम टेस्टेड," असे दुकानदार सांगतो. वॉरंटी विचारली की "आठ दिवस चेकिंग" असे उत्तर येते. या आठ दिवसांतले पहिले सहा योग्य केबल मिळवण्यात जातात, हे दुकानदाराला माहीत असते.

केबलचा विषय स्वतंत्र प्रकरणाचा आहे. कार्डावर डिस्कच्या नेहमीच्या खोबण्या नसतात. एक रुंद धातूची खोबण असते, तिच्यातून एक जाड केबल निघते आणि पुढे तिचे चार फाटे होऊन चार डिस्कांना जातात. ही केबल दोन जातींची असते. एक कार्डाकडून डिस्कांकडे जाणारी सुलटी, दुसरी मदरबोर्डाच्या चार खोबण्यांतून सर्व्हरच्या डिस्क-कप्प्याकडे जाणारी उलटी. दिसायला दोन्ही जुळ्या. चार फाटे तसेच, जाळीचे वेष्टन तसेच, टोकाचा टक्‌ आवाजही तसाच. रेडवाला पहिल्या खेपेस हमखास उलटी आणतो. सगळे जोडून झाल्यावर कार्ड आपल्याला शून्य डिस्क दिसत असल्याचे शांतपणे कळवते. गृहस्थ डिस्क बदलतो, खोबणी बदलतो, वीजपुरवठा बदलतो, रात्री अडीचला देवापुढे क्षणभर थांबतो. केबल शेवटी बदलतो, कारण ती नवी असते.

त्याआधी मशीन सुरू होण्याचाच प्रश्न असतो. सर्व्हरांतून काढलेली काही कार्डे साध्या मदरबोर्डात खुपसली की पडद्यावर काहीच उमटत नाही, नुसते पंखे फिरतात. दोष दोन पिनांचा असतो. कार्डाच्या सोनेरी कडेवर, पत्र्याच्या बाजूने मोजत गेले की बी बाजूची पाचवी आणि सहावी. या दोन पिनांवरून कार्ड जे बोलते ते सर्व्हरला कळते. डेस्कटॉपच्या बोर्डाचा मात्र त्याने गोंधळ उडतो. उपाय म्हणून त्या दोन पिना झाकायच्या. पिनांमधले अंतर एक मिलिमीटर, म्हणजे चिकटपट्टीची जेमतेम दोन मिलिमीटर रुंदीची पट्टी कापायची आणि ती शेजारच्या पिनेवर न जाता बसवायची. रेडवाला चष्मा कपाळावर चढवून, बायकोच्या भुवयांच्या चिमट्याने हे काम करतो. पट्टी बोटाला चिकटते, मग चिमट्याला, मग चष्म्याला. तिसऱ्या प्रयत्नानंतर तो नेलपॉलिशकडे वळतो. घरात सापडणारी एकमेव बाटली लग्नकार्याला राखून ठेवलेल्या मरून रंगाची असते. मशीन सुरू होते. त्या दिवसापासून हिशेबाच्या वहीत संगणकाच्या खर्चाखाली नेलपॉलिशचीही नोंद येते.

गरम होणे हा पुढचा टप्पा. कार्डावरच्या चिपला पंखा नसतो, फक्त ॲल्युमिनियमच्या पात्यांचा ठोकळा असतो, कारण सर्व्हरमध्ये जेट विमानासारखा वारा वाहतो असे कंपनीने गृहीत धरलेले असते. अशा बऱ्याच कार्डांना मिनिटाला २०० फूट वेगाचा वारा लागतो. डेस्कटॉपच्या डब्यात हवा दुपारच्या वामकुक्षीत असते. त्यामुळे चार सेंटिमीटरचा एक छोटा पंखा नायलॉनच्या पट्ट्यांनी त्या ठोकळ्यावर आवळला जातो. तो डासासारखा आवाज करतो, आणि घरातले पहिले काही दिवस गुडनाइट लावून बघतात.

कार्ड बसल्यावर संगणक सुरू व्हायला पूर्वीपेक्षा जास्त वेळ लागतो, कारण कार्ड आधी स्वतः उठते, मेमरी तपासते, बॅटरीची विचारपूस करते, एकेका डिस्कला हाक मारते आणि मगच विंडोजला आत सोडते. वेगासाठी घेतलेल्या वस्तूने लावलेला हा उशीर रेडवाला अभिमानाने दाखवतो. पाहुण्यांना चहा देऊन तो संगणक मुद्दाम बंद करून पुन्हा चालू करतो. एनव्हीएमई नावाची च्युइंगगमच्या पट्टीएवढी एक डिस्क हल्ली मिळते आणि ती त्याच्या चारही डिस्कांना एकत्र मागे टाकते. हा विषय त्याच्यापुढे काढू नये.

कार्डावरच्या बॅटरीचे आयुष्य दोन-तीन वर्षांचे असते आणि जुन्या कार्डाबरोबर आलेली बॅटरी आपले आयुष्य बहुधा बँकेतच संपवून आलेली असते. बॅटरी मेली की कार्ड सावध होते आणि प्रत्येक अक्षर डिस्कवर पक्के उतरल्याशिवाय 'झाले' म्हणत नाही, त्यामुळे लिहिण्याचा वेग बैलगाडीवर येतो. हे टाळण्याची एक कळ सेटिंगमध्ये असते. ती दाबली की वेग परततो आणि वीज गेल्यास मेमरीतला मजकूर वाऱ्यावर जातो. पुण्यातला रेडवाला ती कळ बुधवारी रात्री बंद करतो आणि गुरुवारी महावितरणचे काम आटोपले की पुन्हा चालू करतो.

आणि मग एका रात्री कार्ड ओरडते. कार्डावर शेंगदाण्याएवढा बझर असतो आणि त्याचा आवाज त्याच्या आकारमानाला न शोभणारा असतो. जथ्यातली डिस्क पडली की तो थांबत नाही. पहाटे तीनला सुरुवात होते. "अहो, ते काय वाजतंय?" इथपासून गॅस तपासणे, इन्व्हर्टर तपासणे, मुलाचा मोबाइल उशीखालून काढणे असे टप्पे पार पडतात. सासूबाई पंचांगातला भूकंपाचा योग आठवतात. खालून वॉचमन इंटरकॉमवर विचारतो. गृहस्थ मात्र पहिल्या टीपेलाच ताठ बसलेला असतो आणि त्याच्या चेहऱ्यावर काळजीच्या आड स्पष्ट समाधान असते. ज्या घटनेसाठी इतकी वर्षे तयारी केली ती अखेर घडलेली असते.

खरे तर डिस्क मेलेली नसते, ती विचार करत असते. साध्या डेस्कटॉप डिस्कला एखादा खराब तुकडा वाचता आला नाही की ती हट्टाने पुन्हा पुन्हा प्रयत्न करत राहते. सर्व्हरच्या डिस्क सातेक सेकंदांत नाद सोडून तसे कळवतात. कार्डाला तीच सवय असल्याने उत्तर वेळेत आले नाही की ते डिस्कला मृत घोषित करते. सर्व्हरच्या डिस्क महाग म्हणून रेडवाल्याने साध्याच घेतलेल्या असतात.

मृत घोषित केलेलीच्या जागी नवी डिस्क घातली की जुळवणी सुरू होते. उरलेल्या तीन डिस्क पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत वाचायच्या, म्हणजे बारा टेराबाइट. साध्या डिस्कच्या माहितीपत्रकात बारीक अक्षरांत लिहिलेले असते की एकावर चौदा शून्ये इतके बिट वाचताना न वाचता येणारा एखादा तुकडा निघू शकतो. रेडवाला पहाटे चारला कॅल्क्युलेटर घेऊन बसतो. एकावर चौदा शून्ये भागिले आठ, म्हणजे साडेबारा टेराबाइट. तो आकडा पुन्हा तपासतो. त्यानंतर दिवसभर घरात कोणी जोरात दार लावायचे नाही, मिक्सर फिरवायचा नाही असे फर्मान निघते आणि तो ऑफिसात प्रकृतीचे कारण कळवून पडद्यावरच्या टक्क्यांकडे पाहत राहतो. बहुतेक वेळा जुळवणी पार पडते. त्या संध्याकाळी पेढे येतात; ते कशाचे हे कोणी विचारत नाही.

फोटो जातात ते नंतर, आणि वेगळ्याच वाटेने. दिवाळीच्या साफसफाईत रेडवाला संगणकही आवरायला घेतो आणि 'मुंज फायनल' ठेवून 'मुंज फायनल नवीन' काढून टाकताना उलटे करतो. शिफ्ट आणि डिलीट एकदम दाबायची त्याची जुनी सवय असते. चारही डिस्क हुकूम तत्परतेने पाळतात. एकीही आक्षेप घेत नाही, की बझर वाजत नाही, कारण कार्डाच्या दृष्टीने सगळे सुरळीत असते. मुंजीचे फोटो शेवटी कोल्हापूरच्या आत्याकडच्या पेनड्राइव्हवर सापडतात. तो पेनड्राइव्ह ती कुंकवाच्या करंड्यात ठेवते.

या प्रसंगानंतर रेडवाला तातडीने उपाय करतो. तो दुसरे कार्ड आणतो. त्यामागेही तर्क असतो: कार्डच मेले तर या डिस्क त्याच घराण्यातल्या कार्डाशिवाय कोणाशी बोलत नाहीत, आणि ते घराणे बाजारातून उठत चाललेले असते. दुसरे कार्ड चंदेरी पिशवीत गोदरेजच्या कपाटात, पाटल्यांच्या डबीशेजारी राहते. त्याच्या पाचव्या-सहाव्या पिनेला आधीच मरून रंग लावून ठेवलेला असतो.

अशा रीतीने डिस्क चार, कार्डे दोन, केबली तीन, त्यातली एक उलटी, असा हा संसार एका ६०० व्हीएच्या यूपीएसवर चालतो. यूपीएस बेडरूममधल्या एकाच तीन पिनांच्या सॉकेटला जोडलेला असतो. त्याच्या पाठीमागे एक जागा रिकामी आहे आणि तिथे हजार वॅटची इस्त्री नेमकी बसते. म्हणून त्या जागेवर 'इस्त्री लावू नये' अशी चिठ्ठी चिकटवलेली असते. तिच्याखाली त्याच मजकुराची दुसरी चिठ्ठी असते, पहिली पडली तर असावी म्हणून.